घरापर्यंतचे ब्रॉडबँड आणि घरातील बिनतारी जाळे

केंद्र सरकारने ऑक्टोबर २००४ मध्ये देशाचे पहिले ब्रॉडबँड धोरण जाहीर केले. सदैव चालू राहणारी आणि सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेगाने माहिती उतरवून घेऊ देणारी जोडणी म्हणजे ब्रॉडबँड, अशी व्याख्या त्यात करण्यात आली. ही मर्यादा २०१३ मध्ये ५१२ किलोबिट झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती २ मेगाबिटवर नेण्यात आली. सुमारे अठरा वर्षांत व्याख्येतील किमान वेग जवळजवळ आठपट वाढला. प्रत्यक्षात शहरी कुटुंबे त्याच्या कितीतरी पट वेगाची जोडणी आज घेतात.

परंतु धोरण, योजना आणि सेवा पुरवठादार या सर्वांचे काम घराच्या दारापाशी संपते. दारापासून विद्यार्थ्याच्या टेबलापर्यंतचे आठ-दहा मीटरचे अंतर कुटुंबालाच सांभाळावे लागते. सेकंदाला १०० मेगाबिटची जोडणी असूनही आतल्या खोलीत व्याख्यान अडखळत राहते, परीक्षेच्या अर्जाचे शुल्क खात्यातून वजा होते पण पावती येत नाही, प्रवेशफेरीचा पसंतीक्रम नोंदवताना पान मध्येच बंद पडते. अशा वेळी दोष बाहेरच्या तारेचा असतोच असे नाही. तो अनेकदा घरातील मांडणीचा असतो. ही मांडणी समजून घेतली तर बहुतेक अडचणी विनाखर्च दूर होऊ शकतात.

धोरणाची वाटचाल

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. दूरध्वनीच्या तारेवरून क्रमांक फिरवून ही जोडणी मिळत असे आणि ती चालू असेपर्यंत दूरध्वनी बंद राही. २००५ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील दूरसंचार कंपन्यांनी त्याच तांब्याच्या तारेवर ब्रॉडबँड देण्यास प्रारंभ केला. आवाज आणि माहिती यांसाठी वेगवेगळ्या वारंवारता वापरल्याने दूरध्वनी व इंटरनेट एकाच वेळी चालू लागले.

ग्रामीण भागासाठी ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय प्रकाशीय तंतू जाळे हा प्रकल्प मंजूर झाला. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशीय तंतू नेणे हे त्याचे उद्दिष्ट होते. २०१५ मध्ये त्याला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १,३९,५७९ कोटी रुपये खर्चाच्या सुधारित भारतनेट कार्यक्रमास मान्यता दिली. या कामासाठी पैसा पुरवणाऱ्या सार्वत्रिक सेवा दायित्व निधीचे दूरसंचार कायदा, २०२३ नुसार ‘डिजिटल भारत निधी’त रूपांतर झाले. त्याआधी २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल संप्रेषण धोरणाने प्रत्येक नागरिकाला सेकंदाला ५० मेगाबिट वेगाचे ब्रॉडबँड उपलब्ध करून देण्याचे लक्ष्य ठेवले होते.

या वाटचालीला न्यायालयीन बाजूही आहे. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये फहीमा शिरीन प्रकरणात इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग मानला. वसतिगृहातील विद्यार्थिनींच्या मोबाइल वापरावरील निर्बंधातून हे प्रकरण उद्भवले होते. जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटच्या माध्यमातून होणारी अभिव्यक्ती आणि व्यवसाय यांना अनुच्छेद १९ चे संरक्षण असल्याचे स्पष्ट केले.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातील २३.८ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. त्यानंतरच्या वर्षांत ती झपाट्याने पसरली, पण मुख्यतः मोबाइलद्वारे. मार्च २०२५ अखेरीस देशात सुमारे ९४ कोटी ब्रॉडबँड ग्राहक होते आणि त्यांत तारेच्या जोडणीचे ग्राहक चार कोटींच्या आसपास होते. मोबाइलवर बातमी वाचता येते. मात्र घरातील दोन-तीन मुलांचा अभ्यास, आईवडिलांचे काम आणि दूरचित्रवाणी एकाच वेळी चालवायची असल्यास घरासाठी स्वतंत्र जोडणी अधिक विश्वासार्ह ठरते.

जोडणीची निवड

घरापर्यंत ब्रॉडबँड येण्याचे मार्ग प्रामुख्याने पाच आहेत: तांब्याची दूरध्वनी तार, केबल दूरचित्रवाणीची तार, प्रकाशीय तंतू, मोबाइल मनोऱ्यावरून मिळणारी स्थिर बिनतारी सेवा आणि उपग्रह. तांब्याच्या तारेत अंतरागणिक संकेत क्षीण होतो. दूरध्वनी केंद्रापासून घर जितके दूर तितका वेग कमी, हा तिचा मूलभूत दोष. प्रकाशीय तंतूत माहिती प्रकाशाच्या स्पंदांतून वाहते, त्यामुळे किलोमीटरमागे होणारी घट अत्यल्प असते आणि जवळून जाणाऱ्या विजेच्या तारांचा तिच्यावर परिणाम होत नाही. तंतू उपलब्ध असेल तेथे त्यालाच प्राधान्य द्यावे. डोंगराळ किंवा विरळ वस्तीच्या भागात स्थिर बिनतारी किंवा उपग्रह सेवेचा विचार करावा लागतो.

तंतूची जोडणीही एका घराची नसते. गिगाबिट निष्क्रिय प्रकाशीय जाळे या प्रचलित पद्धतीत एका तंतूवरील सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिटची क्षमता विभाजकाच्या साहाय्याने ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. रात्रीच्या गर्दीच्या वेळी वेग मंदावण्याचे एक कारण हे सामायिक स्वरूप होय.

योजना निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे एकक. जाहिरातीतील वेग मेगाबिटमध्ये असतो, तर फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला अधिकाधिक १२.५ मेगाबाइट माहिती उतरते. ६०० मेगाबाइटच्या व्याख्यानाला आदर्श स्थितीत ४८ सेकंद लागतात. दुसरी म्हणजे माहिती वर पाठवण्याचा वेग. देखरेखीखालील ऑनलाइन चाचणीत विद्यार्थ्याचे चित्र सतत वर जात असते आणि तेथे हाच वेग निर्णायक ठरतो. तिसरी म्हणजे मासिक वापराची मर्यादा आणि ती ओलांडल्यावर मिळणारा घटलेला वेग.

घरातील उपकरणे

तंतू घरात येतो तो एका छोट्या पेटीत. प्रकाशाच्या संकेताचे विद्युत संकेतात रूपांतर करणारी ही पेटी प्रकाशीय जाळ्याचे अंत्य उपकरण असते. तिच्यापुढे राउटर असतो. अनेक ठिकाणी दोन्ही एकाच उपकरणात सामावलेली असतात. राउटरचे काम टपाल कचेरीसारखे आहे. बाहेरील जगाला घराचा एकच पत्ता दिसतो. घरात मात्र प्रत्येक संगणकाला व मोबाइलला राउटर स्वतंत्र खाजगी पत्ता देतो, आलेली माहिती ज्याची त्याला पोहोचवतो आणि गेलेल्या मागणीची नोंद ठेवतो.

ही व्यवस्था गरजेतून आली. इंटरनेट पत्त्यांच्या चौथ्या आवृत्तीत ३२ बिटांचे सुमारे ४२९ कोटीच पत्ते शक्य आहेत. जगातील प्रत्येक उपकरणाला ते पुरणारे नव्हते. सहाव्या आवृत्तीत पत्ता १२८ बिटांचा असल्याने ही टंचाई राहत नाही. नव्या जोडण्यांत दोन्ही आवृत्त्या एकाच वेळी चालवल्या जातात.

बिनतारी लहरींचा स्वभाव

वायफाय म्हणजे राउटर आणि उपकरणे यांच्यातील रेडिओ संवाद. आकाशातील रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये बंगाल क्रिकेट संघटनेच्या प्रकरणात सांगितले आहे. मोबाइल कंपन्यांना त्यांच्या वापरासाठी लिलावात कोट्यवधी रुपये मोजावे लागतात. घरातील राउटरला मात्र परवाना लागत नाही. जानेवारी २००५ च्या अधिसूचनांनी कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त करण्यात आला आणि ५ गिगाहर्ट्झमधील काही भाग घराच्या आतील वापरासाठी खुला झाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ घराबाहेरील वापरासाठीही परवानामुक्त झाले. या मोकळीकीला अट आहे. दुसऱ्याच्या सेवेत व्यत्यय आणता येत नाही आणि आपल्याला झालेल्या व्यत्ययाबद्दल संरक्षण मागता येत नाही.

या दोन पट्ट्यांचे गुणधर्म भिन्न आहेत. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. ती भिंती बऱ्यापैकी ओलांडते आणि दूरवर पोहोचते. मात्र या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच असतात: १, ६ आणि ११. दाट वस्तीत दहा-वीस शेजाऱ्यांचे राउटर याच तीन वाहिन्यांवर बोलत असतात. ब्लूटूथची साधनेही याच पट्ट्यात काम करतात आणि मायक्रोवेव्ह भट्टीतून निसटणाऱ्या लहरीही येथेच अडथळा आणतात. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वाहिन्या पुष्कळ आणि वेग अधिक, पण भिंतीमागे तो लवकर क्षीण होतो. म्हणून राउटरच्याच खोलीत ५ गिगाहर्ट्झ आणि दूरच्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झ, असा साधा नियम ठेवता येतो.

राउटर विकत घेताना वायफाय ४, ५, ६ अशी नावे दिसतात. ती २०१८ मध्ये प्रचारात आली. त्यांमागील मानके अनुक्रमे २००९, २०१३ आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. अनेक उपकरणे एकाच वेळी वापरणाऱ्या घराला सहावी पिढी उपयुक्त ठरते. परंतु जुन्या मोबाइलला नव्या राउटरमुळे नवी क्षमता प्राप्त होत नाही. संवाद दोघांपैकी जुन्या उपकरणाच्या क्षमतेनुसारच होतो.

जागा कोठे असावी?

जोडणी करणारा तंत्रज्ञ बहुधा दाराजवळच्या भिंतीवर उपकरण बसवतो, कारण तेथे तंतू कमी लागतो. कुटुंबाच्या दृष्टीने ती जागा क्वचितच योग्य असते. राउटर शक्यतो घराच्या मध्यभागी, डोक्याइतक्या उंचीवर आणि उघड्यावर असावा. लोखंडी कपाटामागे, दूरचित्रवाणी संचाच्या पाठीमागे, मोठ्या आरशाजवळ किंवा पाण्याच्या टाकीशेजारी तो ठेवू नये. धातू लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेते.

घराच्या बांधणीनुसारही फरक पडतो. विटांची पातळ भिंत लहरींना फारशी अडवत नाही. कोकण-गोव्यातील जांभ्या दगडाच्या किंवा जुन्या वाड्यांतील दगडी जाड भिंती बरीच अडवतात. पत्र्याची भिंत जवळजवळ पूर्ण अडवते. सिमेंट काँक्रीटच्या छतातील सळ्यांच्या जाळीमुळे वरच्या मजल्यावर संकेत कमकुवत होतो. अशा घरात संकेत वाढवणारी साधने लावण्यापूर्वी साध्या इथरनेट तारेचा विचार करावा. ही तार शंभर मीटरपर्यंत वेग न गमावता जाते. वरच्या मजल्यावर तारेने जोडलेले दुसरे प्रसारण उपकरण ठेवणे हा सर्वांत भरवशाचा उपाय होय. बिनतारी पुनर्प्रक्षेपक स्वस्त असतो, पण एकाच लहरीवर ऐकणे आणि बोलणे ही दोन्ही कामे करणारा साधा पुनर्प्रक्षेपक वेग जवळपास निम्मा करतो.

ज्या संगणकावर परीक्षा किंवा मुलाखत द्यायची आहे, तो त्या दिवशी तरी तारेने जोडावा.

कुलूप कोणी लावायचे?

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोटांची मालिका घडली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना एक ई-मेल मिळाला होता. तपास यंत्रणा त्याचा माग काढत नवी मुंबईतील एका घरापर्यंत पोहोचल्या. तेथील वायफाय जाळ्याला संरक्षण नव्हते आणि बाहेरील व्यक्तींनी त्याचा वापर केल्याचे निष्पन्न झाले. रहिवाशाचा कटाशी संबंध नव्हता, तरी त्याला चौकशीला सामोरे जावे लागले. बाहेरील जगाला घराचा एकच पत्ता दिसतो, याचा अर्थ येथे स्पष्ट होतो. त्या पत्त्यावरून काहीही घडले तरी पहिला प्रश्न जोडणीधारकालाच विचारला जातो. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफायच्या सुरक्षित वापराबाबत इंटरनेट सेवा पुरवठादारांना सूचना दिल्या. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने सायबर दहशतवादाविषयीचे कलम ६६-फ समाविष्ट झाले आणि ऑक्टोबर २००९ पासून ते अमलात आले.

संरक्षणाची पहिली पायरी म्हणजे दोन परवलीचे शब्द वेगळे ओळखणे. एक वायफायला जोडून घेण्याचा आणि दुसरा राउटरच्या व्यवस्थापन पानावर जाण्याचा. या पानाचा पत्ता व मूळ परवलीचा शब्द उपकरणावरील चिठ्ठीवर छापलेला असतो. अनेक कुटुंबे पहिला बदलतात आणि दुसरा तसाच ठेवतात. हे पुढच्या दाराला कुलूप लावून मागचे दार उघडे ठेवण्यासारखे आहे. जोडणी मिळाल्याच्या दिवशीच दोन्ही बदलावेत.

दुसरी पायरी सांकेतिकीकरणाची. डब्ल्यूईपी या पहिल्या पद्धतीतील उणिवा २००१ मध्येच उघड झाल्या. ती कदापि वापरू नये. २००४ मध्ये आलेली डब्ल्यूपीए-२ किंवा २०१८ मध्ये आलेली डब्ल्यूपीए-३ निवडावी. मोबाइल क्रमांक हा परवलीचा शब्द म्हणून सर्रास ठेवला जातो, पण डब्ल्यूपीए-२ मध्ये तो अगदी कमकुवत ठरतो. जोडणीच्या क्षणीचा संवाद टिपून घेतला की आक्रमकाला घरापासून दूर बसून अंदाज तपासत राहता येते. भारतातील मोबाइल क्रमांक दहा अंकी असून ६ ते ९ पैकी एका अंकाने सुरू होतात. म्हणजे शक्यता अधिकाधिक ४०० कोटी. शक्तिशाली संगणकाला हे काही तासांचे काम आहे. त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले तर ते कुटुंबाच्या लक्षात राहतात आणि बाहेरच्याला ओळखणे फार कठीण जाते.

याखेरीज कळ दाबून जोडण्याची डब्ल्यूपीएस सुविधा आणि दुरून व्यवस्थापन करण्याची सोय बंद ठेवावी. राउटरमधील आज्ञावली वेळोवेळी अद्ययावत करावी. पाहुण्यांसाठी स्वतंत्र जाळे सुरू करावे. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांक १९३० वर तत्काळ कळवावे. आर्थिक फसवणुकीत जितक्या लवकर कळवले जाईल तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक असते.

दोष कसा शोधावा?

दोष बाहेरून आत या क्रमाने शोधावा. प्रथम वीजपुरवठा पाहावा. पूर्वीच्या दूरध्वनीला केंद्रातूनच वीज मिळत असे. प्रकाशीय उपकरणाला मात्र घरातील वीज लागते. भारनियमनाच्या भागात राउटर आणि अंत्य उपकरण या दोहोंना चालू ठेवणारा छोटा बॅटरी संच घ्यावा. त्यानंतर अंत्य उपकरणावरील दिवे पाहावेत. संकेत तुटल्याचा लाल दिवा लागला असेल तर तंतू तुटला, दबला किंवा काटकोनात वाकला असण्याचा संभव असतो. तेथे घरच्यांनी हात न घालता पुरवठादाराला कळवावे. तंतूच्या उघड्या टोकाकडे डोळा लावून पाहणे धोक्याचे आहे, कारण त्यातील लेसर प्रकाश डोळ्यांना दिसत नाही.

दिवे ठीक असून वेग कमी असेल तर तीन मोजण्या कराव्यात: एकदा तारेने जोडलेल्या संगणकावर, एकदा राउटरच्या खोलीत वायफायवर आणि एकदा आतल्या खोलीत. पहिलीतच वेग कमी आढळल्यास प्रश्न पुरवठादाराचा. पहिली चांगली आणि दुसरी वाईट असल्यास प्रश्न वाहिनीचा किंवा उपकरणाचा. पहिल्या दोन चांगल्या आणि तिसरी वाईट असल्यास प्रश्न भिंतींचा व जागेचा. या मोजण्या वेळेसह लिहून ठेवल्यास तक्रारीला आधार मिळतो. २०१२ च्या नियमांनुसार तक्रार प्रथम सेवा पुरवठादाराच्या तक्रार केंद्राकडे नोंदवावी आणि नोंद क्रमांक घ्यावा. समाधान न झाल्यास त्याच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. दूरसंचार नियामक प्राधिकरण वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही. दूरसंचार ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये ‘सेवा’ असल्याने ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे.

समारोप

स्वतंत्र जोडणी न परवडणाऱ्या कुटुंबांसाठी डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली ‘पीएम-वाणी’ ही सार्वजनिक वायफाय योजना आहे. तिच्यात किराणा दुकानदारासारखा छोटा व्यावसायिकही परवान्याशिवाय सार्वजनिक डेटा केंद्र चालवू शकतो. तथापि सार्वजनिक जाळ्यावर बँक व्यवहार करताना अधिक सावध राहणे आवश्यक असते.

डिजिटल दरी मोजताना प्रायः किती गावांत तंतू पोहोचला आणि किती घरांनी जोडणी घेतली, एवढेच पाहिले जाते. तंतू दारापर्यंत येऊनही मुलीच्या अभ्यासाच्या कोपऱ्यात संकेत पोहोचत नसेल, किंवा जाळे उघडे राहून कुटुंब अडचणीत येत असेल, तर ती दरी घराच्या आतच उरलेली असते. ती बुजवण्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. राउटरची योग्य जागा, बदललेले दोन परवलीचे शब्द आणि वेगाच्या तीन मोजण्या यांनीच या कामाचा प्रारंभ होतो.